जुनी पोर्टेबल यंत्रं आणि बटणांचे फोन: गुण यंत्राचा की वयाचा?

खटखट्या (धागाकर्ता)

जुन्या यंत्रांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "अरे, यंत्र चांगलं नव्हतं, तू तेव्हा विशी-पंचविशीत होतास, म्हणून गोड वाटतं." हे ऐकून ऐकून कान किटले, म्हणून हा धागा. माझा दावा सरळ आहे. १९८० ते २००५ या काळातली काही हातात नेण्याजोगी यंत्रं त्यांच्या कामापुरती आजच्या यंत्रांपेक्षा सरस होती. वय बाजूला ठेवा आणि वापरून बघा.

टीआरएस-८० मॉडेल १०० घ्या. १९८३ चा छोटा संगणक, बनवला जपानच्या क्योसेरानं, आकार जाड वहीएवढा, वजन दोन किलोच्या आत. पडदा ८ ओळींचा, ओळीत ४० अक्षरं. चार पेन्सिल सेलवर साधारण २० तास चालायचं. बटण सरकवलं की त्याच क्षणी मेनू समोर. लिहायचं आणि बंद करायचं, बस्स. पुन्हा चालू केलं की मजकूर होता तिथेच. 'सेव्ह करायला विसरलो' ही भानगडच नाही. आत ३०० बॉड वेगाचा मोडेम होता, त्यामुळे वार्ताहर मंडळी घटनास्थळावरून टेलिफोनच्या तारेवर बातमी धाडायची.

आजचा लॅपटॉप उघडला की आधी तो स्वतःची कामं उरकतो. अपडेट, सूचना, पासवर्ड, कुठल्याशा खात्याचं लॉगिन. माझा नंबर सगळ्यांत शेवटी. मॉडेल १०० वर माझा नंबर पहिला असतो.

फोनचंही तेच. नोकिया ३३१० (२०००), वजन १३३ ग्रॅम, पडदा ८४ गुणिले ४८ ठिपक्यांचा. खिशात हात घालून, न बघता एसएमएस टंकता यायचा. पडला तर झाकण एकीकडे, बॅटरी दुसरीकडे. गोळा करा, बसवा, पुढे चला. असे १२ कोटी ६० लाख विकले गेले, ते काय हळवेपणापोटी?

ज्यांना पटत नाही त्यांनी यावं. तयारीनिशी यावं.

उलटतपासणी

आलो तयारीनिशी.

तुम्ही टिकलेली, गाजलेली दोन नावं घेतलीत. बाकीची वरात कुठंय? १९८१ चा ऑस्बोर्न १ संगणक: साधारण ११ किलो, पडदा ५ इंची, आत बॅटरीच नाही. म्हणजे घामाघूम होत उचलून न्यायचा आणि पोचल्यावर प्लग शोधायचा. पडद्यावर ५२ अक्षरांचीच ओळ मावायची, पुढचं वाचायला पडदा सरकवायचा. कॉम्पॅक पोर्टेबल तर त्याहून जड. १९८२ चा ग्रिड कंपास दिसायला राजबिंडा, घडीचा, स्पेस शटलमधून अंतराळात जाऊन आलेला. किंमत ८१५० डॉलर! मोटोरोलाचा मोबाइल फोन डायनाटॅक ८०००एक्स (१९८३) ३९९५ डॉलरला घ्या, १० तास चार्ज करा आणि अर्धा तास बोला. तेही अॅनालॉग नेटवर्कवर, म्हणजे स्कॅनर बाळगणारा कुणीही तुमचं बोलणं ऐकणार.

ही यंत्रं कुणी 'वापरून बघा' म्हणून सुचवत नाही, कारण ती सोसावी लागायची. गाळ खाली बसला की वरचं पाणी नितळ दिसणारच.

आणि ८ ओळींच्या पडद्यावर मोठा मजकूर दुरुस्त करून बघा एकदा. वरच्या परिच्छेदात आपण काय लिहिलं होतं तेच आठवत बसावं लागतं.

खटखट्या

वजन मान्य. पण ऑस्बोर्नची निम्मी गोष्ट तुम्ही गाळलीत. १७९५ डॉलरमध्ये लिहायचा वर्डस्टार आणि आकडेमोडीचा सुपरकॅल्क हे प्रोग्राम सोबत मिळायचे. प्रोग्राम वेगळे विकत घ्या, मग बसवा, मग चालतात का बघा, यातलं काहीच नाही. आज वर्डस्टारच्या जागी जे आहे त्याची दर महिन्याला वर्गणी भरतो आपण.

८ ओळींबद्दल म्हणाल तर मी त्यावर पहिला खर्डा लिहितो, संपादन करत नाही. खर्डा लिहिताना मागे वळून बघायची सोय नसलेलीच बरी.

ओली_शाई

खर्ड्याच्या मुद्द्याशी सहमत, बाकीशी शत-प्रतिशत असहमत.

१९९० च्या सुमाराचे लॅपटॉप वापरलेले लोक इथे असतील तर त्यांनी छातीवर हात ठेवून सांगावं, त्या पॅसिव्ह मॅट्रिक्स जातीच्या पडद्यावर माउसचा बाण हलवला की तो कुठे गायब व्हायचा? विंडोजमध्ये बाणामागे शेपूट दाखवायची सोय होती ना, ती शोभेसाठी नव्हती. पडदा इतका सुस्त, की शेपूट लावल्याशिवाय बाण सापडत नसे. मान जरा तिरकी केली की काळ्याचं पांढरं दिसायचं.

पण माझं खरं भांडण फोनशी आहे. एसएमएस म्हणजे १४० बाइटांची पुडी. सात-सात बिटांची रोमन अक्षरं असली तर त्यात १६० मावायची. देवनागरी आली की प्रत्येक चिन्हाला १६ बिट, म्हणजे थेट ७०. शिवाय काना, वेलांटी, जोडाक्षरातला हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जायचं, त्यामुळे एक धड वाक्य संपायच्या आत पुडी भरायची. एवढं करून समोरच्याच्या फोनवर काय उमटायचं? रिकामे चौकोन. म्हणून सगळ्यांनी 'kay' की 'kaay' अशा गोंधळात मराठी रोमन लिपीत कोंबली, आणि पुढे कित्येकांना तीच सवय कायमची जडली. (वरचे दोन शब्द मुद्दाम तसे ठेवलेत, डोळ्यांना खुपू देत.) खटखट्या, तुम्ही हा धागा ज्या लिपीत काढलात ती तुमच्या लाडक्या फोनला पेलत नव्हती. त्याच्यावर इतकं प्रेम?

खटखट्या

हा मुद्दा लागला. तरी न बघता टंकायची सोय गेली ती गेलीच.

ऐकून_वाचणारा

'न बघता' यावर मी जरा हक्कानं बोलतो, कारण मी सगळंच न बघता करतो. मला दिसत नाही.

५ च्या बटणावरचा उंचवटा ही फार शहाणपणाची गोष्ट होती. बोट तिथे ठेवलं की बाकीचे आकडे आपोआप सापडायचे. नंबर लावायला मला कुणाची गरज नसे. पण आलेला एसएमएस? तो दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा. म्हणजे घरातली खासगी गोष्ट आधी शेजारी बसलेल्याला कळणार, मग मला. बॅटरी किती उरली, कुणाचा कॉल चुकला, मेनूत आपण कुठे आहोत, सगळा अंदाजपंचे कारभार. मेनूच्या पायऱ्या पाठ करायच्या: तीनदा खाली, एकदा मधलं, दोनदा खाली. फोन बदलला की पाठांतर वाया.

सिंबियन प्रणालीच्या फोनवर पुढे बोलणारे प्रोग्राम आले, पण ते फोनच्या किमतीवर वेगळे विकत घ्यावे लागत. २००९ मध्ये आयफोन ३जीएसमध्ये पडदा वाचून दाखवणारं व्हॉइसओव्हर फोनसोबतच मिळालं. सपाट काच, चाचपायला आकड्यांची बटणं नाहीत, आणि तरीही पहिल्यांदा फोन माझ्याशी पूर्ण बोलला. बटणांचा काळ माझ्यासाठी सोन्याचा होता असं कुणी परस्पर ठरवू नये.

एक गोष्ट मात्र खटखट्यांच्या पदरात टाकतो. घाईत कॉल उचलणं आणि कापणं. काचेवर ते आजही मला नीट जमत नाही. बटणावर कधी चुकलं नाही.

२००४_चा_माल

माझं नावच वाचा. ३३१० आला तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. तरी माझ्याकडे एक चालू स्थितीतला नोकिया ११०० आहे, टॉर्चवाला, आणि एक सायनचा, सॉरी, सायऑनचा सिरीज ५ आहे (खिशातला संगणक, १९९७, दोन पेन्सिल सेल, उघडला की कीबोर्ड आपोआप पुढे सरकतो, ती बिजागरी बघण्यासाठी मी तो विनाकारण उघडझाप करतो). तरुणपणाचा मुद्दा माझ्यावर लावून दाखवा.

उलटतपासणी

लावतो. दुसऱ्या खिशात स्मार्टफोन आहे की नाही?

२००४_चा_माल

आहे.

उलटतपासणी

मग विषय संपला. नकाशा, पैसे पाठवणं, फोटो, सगळं त्या खिशात, आणि ११०० मिरवायला या खिशात. आम्हाला तो एकच फोन होता. त्याच्या उणिवा तुला जगाव्या लागत नाहीत, म्हणून गुण तेवढे दिसतात. २०१७ मध्ये ३३१० नव्यानं काढला तेव्हाही हेच झालं. आठवणींवर तुडुंब कौतुक, आणि पहिली आवृत्ती निव्वळ टू-जी या जुन्या नेटवर्कवर चालणारी, म्हणजे जिथे टू-जी उरलं नव्हतं तिथे ती साप खेळण्यापुरती.

२००४_चा_माल

मिरवत नाही हो. स्मार्टफोन घरी ठेवून ११०० घेऊन बाहेर पडतो तेव्हा मी खरंच कमी वेळा खिसा चाचपतो. पण तुमचा मुद्दा कळला: तो माझा दुसरा फोन आहे म्हणूनच ते परवडतं.

डाखवाला

मी ही यंत्रं दुरुस्त करतो, त्यामुळे दोन्ही पक्षांवर थोडा चिडलेला असतो.

'तेव्हाची यंत्रं टिकाऊ' म्हणणाऱ्यांनी मॉडेल १०० चं पोट उघडून बघावं. पेन्सिल सेल काढल्यावरही मजकूर राहावा म्हणून बोर्डावर एक छोटी निकेल-कॅडमियम बॅटरी डाख देऊन (सोल्डर करून) बसवलेली असते. 'मजकूर होता तिथेच' ती हिची कृपा. चाळीस वर्षांनी ती फुटून गळते. झाकण उघडलं की तिच्याभोवती निळसर-हिरवी खपली, आणि खपलीखाली बोर्डाच्या तांब्याच्या रेघा खाल्लेल्या. आतला द्रव अल्कली असतो, म्हणून आधी व्हिनेगरचा बोळा, मग अल्कोहोल, मग ब्रश, मग मीटर लावून एकेक रेघ तपासायची आणि तुटलेली बारीक तारेनं जोडायची. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) गळलेले असले तर डाख द्यायची गरम इस्त्री टेकवताच कुजक्या मासळीचा वास सुटतो. ज्यांना गतकाळाचा सुगंध हवाय त्यांनी या वेळी जवळ यावं.

आणि 'कचरा होता' म्हणणाऱ्यांना: हे सगळं मी करू शकतो, हीच त्या यंत्राची थोरवी. साधे स्क्रू, डोळ्यांना दिसतील असे भाग, छापलेले सर्किटचे नकाशे. आजच्या पातळ लॅपटॉपमध्ये मेमरी बोर्डालाच चिकटलेली, बॅटरी गोंदानं बसवलेली. त्यातलं काही गेलं की अख्खा बोर्ड बदला. तो चाळीस वर्षांनी कुणाच्या टेबलावर येईल असं मला वाटत नाही.

ओली_शाई

दुरुस्तीचं मान्य. पण चार्जरचा पसारा विसरू नका. एकाच कंपनीची जाडी पिन वेगळी, बारीक पिन वेगळी, दुसऱ्या कंपनीचं तर तोंडच निराळं. पाहुण्यांकडे गेलं की पहिला प्रश्न, "बारीक पिनचा आहे का?" युरोपीय संघानं डिसेंबर २०२४ पासून फोनना यूएसबी-सी सक्तीचं केलं तेव्हा कुठे हा खेळ संपला. कायद्यानं संपला, जुन्या काळच्या शहाणपणानं नव्हे.

खटखट्या

त्याच संघाच्या बॅटरी नियमाप्रमाणे १८ फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडले तर, उपकरणातली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढून बदलता आली पाहिजे. म्हणजे ३३१० मध्ये नखानं झाकण उघडून जे व्हायचं ते परत आणायलाही कायदाच करावा लागला. एक-एक बरोबरी.

उलटतपासणी

बरोबरी कसली, नेटवर्क राहिलंच की. अमेरिकेत एटी अँड टीनं २०१६ अखेरीस टू-जी गुंडाळलं, ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्रानंही त्याच सुमारास. फोनची बॅटरी बदला नाहीतर सोन्यानं मढवा, पलीकडचा मनोरा बंद झाला की तो गजराचं घड्याळ. जिथे चालू आहे तिथेही टू-जीवरचं बोलणं लपवणारं जुनं ए५/१ कूटलेखन कधीच फुटलंय. 'साधा फोन म्हणजे सुरक्षित फोन' असं समजून कुणी त्यावर गुपितं बोलत असेल तर त्याचं भलं होवो.

डाखवाला

हे बरोबर, आणि म्हणूनच या धाग्यात दोन वेगळे विषय एका दावणीला बांधलेत असं माझं मत. फोन एकटा कधीच यंत्र नव्हता. त्याचं अर्धं अंग कंपनीच्या मनोऱ्यात होतं, ते तुमच्या मालकीचं कधीच नव्हतं आणि मला ते दुरुस्त करता येत नाही. मॉडेल १०० किंवा सिरीज ५ पूर्ण तुमच्या हातात आहे. सेल घाला, चालू. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. (मोडेम सोडा, तो आता शोभेचा.) गंमत अशी की आजचे लॅपटॉप त्या बाबतीत हळूहळू फोनसारखे होत चाललेत. खातं नाही तर चालू नाही, सर्व्हर बंद तर प्रोग्राम बंद. खटखट्यांची धाग्याच्या सुरुवातीची चिडचिड मला तिथे पटते, ३३१० पाशी नाही.

ऐकून_वाचणारा

+१. फोन बाजूला काढला तर मीही खटखट्यांच्या बाजूनं निम्मा येतो. निम्माच, कारण मॉडेल १०० सुद्धा माझ्याशी बोलत नाही.

खटखट्या

ठीक, फोन इथून पुढे वेगळ्या धाग्यात. डाखवाला, एक कामाचं विचारतो. मॉडेल १०० वरचा मजकूर तुम्ही आजच्या यंत्रावर कसा आणता?

डाखवाला

मागे २५ पिनांचं आरएस-२३२ (सिरियल जोडणीचं) तोंड आहे. दोन यंत्रं थेट जोडणारी नल-मोडेम केबल, तिच्या टोकाला यूएसबी-सिरियल अडॅप्टर, आणि लॅपटॉपवर कुठलाही टर्मिनल प्रोग्राम. दोन्हीकडचा वेग सारखा ठेवा, मॉडेल १०० मधल्या टेलकॉम प्रोग्राममधून फाइल अपलोड करा. ओळीशेवटच्या चिन्हांचा थोडा घोळ होतो, तो नंतर निस्तरा. उलट दिशेनं, म्हणजे त्याच्याकडे मजकूर पाठवताना मात्र वेग कमी ठेवा, नाहीतर त्याची दमछाक होते आणि मधली अक्षरं गळतात. पण आधी ती निकेल-कॅडमियम बॅटरी काढा. आजच काढा.

उलटतपासणी

म्हणजे व्हिनेगर, अल्कोहोल, केबल, अडॅप्टर एवढं सगळं करून मजकूर शेवटी आजच्याच लॅपटॉपवर आणायचा. बरोबर ना?

खटखट्या

हो. संपादनाला. वर लिहिलंय तसंच.