शब्दचर्चा: डोंगरातलं भोक, बीळ की आणखी काही?

जपानी भयकथाकार जुंजी इतोची ‘अमिगारा विभंगाचं गूढ’ (विभंग म्हणजे खडकाच्या थरांतली भेग) ही छोटी मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा (त्याच्याच ‘ग्यो’ या मांगाच्या दुसऱ्या खंडाच्या शेवटी आहे ती) भाच्याला मराठीत सांगत होतो. भूकंपानंतर डोंगराची कडा उघडी पडते आणि तिच्यात माणसांच्या आकाराची... इथे अडलो. ‘भोकं’ म्हटल्यावर पोरगं हसत सुटलं. ‘छिद्र’ म्हणावं तर सुईच्या नेढ्याएवढं वाटतं. तुम्ही काय म्हणाल? (पुढे शेवट फुटणार आहे, सांभाळून.)

> बीळ. बिळात ‘शिरतात’. कथेतली माणसं कपडे काढून आपणहून आत शिरतात.

बीळ नाही पटलं. बीळ म्हटलं की कुणीतरी स्वतःला राहायला उकरलेलं वाटतं. इथे दुसऱ्याच कुणी कधीकाळी कोरून ठेवलंय, आणि टीव्हीवर बघून माणूस धावत येतो, ‘हे माझ्यासाठीच केलंय’ म्हणत. ‘विवर’ तर नकोच, लगेच लोणार आठवतं.

> मग ‘साचा’? इतो मांगाकार होण्याआधी दंततंत्रज्ञ होता, म्हणजे दातांची मापं, साचे यातलाच माणूस.

ही माहिती भारी! पण साचा आपला आकार सोडत नाही, हा तर त्याचा धर्म. अमिगारात नेमकं तेच मोडतं. आत गेलेल्याला मागे येता येत नाही, आणि पुढे आकार हळूहळू बदलत जातो.

शब्द राहू द्या, मला कथाच फार फुगवलेली वाटते. शास्त्रज्ञ समोर उभे असताना कुणी साधी जाळी ठोकत नाही? शेवटचं चित्र मात्र जबरदस्त.

> कुणी साधी जाळी ठोकत नाही?

कथेतला ओवाकी त्याच्या सोबतच्या योशिदाच्या भोकात दगड भरतोच की. काय उपयोग झाला? भीती वाटली की माणूस पळतो. इथे पाय तिकडेच वळतात. आजीच्या भाषेत ‘बोलावणं आलं’. शेवटच्या पानावर बीभत्स आहे, कबूल, पण कथा त्याच्या कितीतरी आधी मानगुटीवर बसलेली असते.

मूळ जपानी शब्द ‘आना’. शर्टाचं काज, कोल्ह्याचं बीळ, किडक्या दातातला खड्डा, सगळ्याला तोच चालतो. आपल्याकडे प्रत्येकाला वेगळा शब्द, म्हणून ही पंचाईत.

सगळ्यांचे आभार. सध्या असं ठरवलंय: वर्णनात ‘माणसाच्या आकाराची भोकं’, हसू दे खुशाल. पात्राच्या तोंडी मात्र नाम गाळायचं: ‘हे माझंय. माझ्याच मापाचं.’

हे चालेल. फक्त ‘मापाचं’ऐवजी ‘मापाचंच’ करा, ‘माझ्याच’मधला च तिकडे न्या.