कागदाचा माणूस ई-रीडरच्या नादी लागलाय, घेऊ का नको?

पाचोऱ्याचा_वाचक:
नमस्कार मंडळी. आधीच सांगून टाकतो, मी कागदाचा माणूस. घरात पुस्तकांची दोन लोखंडी कपाटं, एक वडलांचं नि एक माझं. अमळनेरला २०२४ च्या फेब्रुवारीत साहित्य संमेलन झालं तेव्हा मी मंडपात बूडसुद्धा टेकवलं नाही, सगळा वेळ पुस्तकांच्या स्टॉलवर, येताना पिशवी एवढी जड की रिक्षावाला विचारतो काका कांदे आणले का.

आता भानगड ऐका. वय ५९. वडलांच्या कपाटातल्या जुन्या पुस्तकांचा टाइप बारीक, कागद तांबडा झालेला, पान उलटलं की कोपरा हातात येतो, आणि चष्म्याचा नंबर दोनदा बदलला तरी अर्ध्या तासात डोळ्यातून पाणी. मागच्या महिन्यात पुण्याहून भाचा आला, त्याचं किंडल, म्हणजे ॲमेझॉनचं ई-रीडर, ओट्यावर ठेवून तो शेतात गेला, मी म्हटलं बघू तरी काय आहे, तर त्यात वडलांच्या कपाटातलंच एक पुस्तक निघालं! अक्षर मोठं करता येतं हे कळलं, मग अजून मोठं केलं, आणि मग जेवायची हाक कधी आली ते कळलं नाही. रविवारी भाचा गेला, खरं सांगतो, तो गेल्याचं कमी आणि ते डबडं गेल्याचं जास्त वाईट वाटलं.

तर विचारायचं असं की डोळ्यांना मोबाईलसारखा त्रास होतो का, आपल्याकडच्या मे महिन्यात ते टिकतं का, आणि मराठी जुनं काही मिळतं का. अजून एक, वीस वर्षं पोरांना सांगतोय स्क्रीनवर वाचणं म्हणजे वाचणं नव्हे, आता त्यांना काय तोंड दाखवू?

भुसावळ_जंक्शन:
दादा पोरांचं सोडा, ते तुमच्यावर आठ दिवस हसतील नि गप होतील.
मी रेल्वेत, रात्रपाळीवाला, चार वर्षं वापरतोय. मोबाईलचा उजेड मागून डोळ्यात घुसतो, याचं तसं नाही. पडद्यात एकदम बारीक कुप्या असतात, त्यात काळे नि पांढरे कण, विजेनं ते वर-खाली होतात आणि एकदा बसले की तिथंच बसून राहतात. म्हणजे वीज लागते ती मुख्य पान उलटताना, म्हणून चार्जिंग आठवडे आठवडे चालतं. दिवा असतो पण तो कडेनं पडद्यावर उजेड पसरवतो, दिवसा तर बंदच ठेवा, भर उन्हात कागदासारखं दिसतं. लाईट गेली की मग दिवा कामाचा, आणि लाईट जाते हे तुम्हाला मी सांगायला नको.
आता गंमत. कंपनी म्हणते ० ते ३५ डिग्रीत वापरा. ३५ म्हणजे आपल्याकडे मे महिन्यात रात्री अकराला गच्चीवर असतं ते 😄 माझं ४४-४५ मध्ये पण चाललंय, पण घरात, पंख्याखाली. उन्हात गाडीच्या डिकीत किंवा बुलेटच्या बॅगेत कधी ठेवू नका. आणि उशीखाली पण नको, पडदा दाबानं फुटतो. माझा पहिला तसाच गेला, मीच वर झोपलो होतो.

धुळ्याचा_कागदप्रेमी:
घ्या की, कोण नाही म्हणतंय. पण एक लक्षात ठेवा, तिथं पैसे देऊन पुस्तक तुमचं होत नाही, फक्त वाचायची परवानगी मिळते. २००९ साली ॲमेझॉननं लोकांच्या किंडलमधून विकलेली पुस्तकं परत काढून घेतली होती, नंतर माफी मागितली ते वेगळं. माझ्या कपाटातून पुस्तक काढायला अजून कोणी आलेलं नाही, आली तर कसर येते नाहीतर वाळवी.
आणि मी पुस्तक वाचलं की शेजारच्या आप्पांकडे जातं, आप्पांकडून त्यांच्या व्याह्यांकडे शिरपूरला, परत येतं तेव्हा त्यावर शेवभाजीच्या रश्श्याचा डाग असतो. हे आता मशीनमध्ये कसं करणार सांगा. आमच्या आप्पांना दाखवलं होतं मी एकदा, ते म्हणे "हाई काय नवं खूळ शे?"

चोपड्याची_ताई:
धुळेकर भाऊ, डागाचं एवढं कौतुक मी पहिल्यांदाच ऐकलं, पण मुद्दा बरोबर आहे.
दादा, मराठीचं सांगते कारण त्यात फसायला होतं. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ च्या डिसेंबरपासून रीतसर मिळतात, नवीन बरंच आहे, जुनं कमी. जुनं म्हणजे बहुतेक स्कॅन केलेली पीडीएफ, तो पानाचा फोटो असतो त्यामुळे अक्षर मोठं होत नाही, सहा इंची पडद्यावर पान डावीकडे-उजवीकडे सरकवत बसा, म्हणजे ज्याच्यासाठी घेतलं तेच नाही. आणि कोणी छापखान्याच्या जुन्या डीटीपी फॉन्टमधली फाइल पाठवली, युनिकोड म्हणजे सगळ्या मशीनवर चालणारी अक्षरं नसलेली, तर नुसता अक्षरांचा काला दिसतो. ईपब मागा, ईपब, त्या फाइलमध्ये अक्षर लहान-मोठं होतं. ई साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकं फुकट असतात ती पण बघा. साने गुरुजी १९५० ला गेले, आपल्याकडे लेखक गेल्यावर ६० वर्षांनी हक्क संपतो, म्हणजे त्यांचं सगळं २०११ पासून मोकळं आहे, सुरुवात तिथून करा, त्यांचं अमळनेर तुम्हाला जवळच.
माझ्या सासूबाई ७६ च्या आहेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, जाड पुस्तक आडवं पडून धरवत नाही, हे दोनशे ग्रॅमच्या आसपास. दुपारी केळीच्या वेफर्सची वाटी शेजारी नि हे हातात. फक्त तेलकट बोटानं पान उलटतात नि मग म्हणतात चालत का नाही गं.

पाचोऱ्याचा_वाचक:
सगळ्यांचे आभार. काल ऑर्डर केलं. घरी सांगितलं तर बायको म्हणाली कपाटाची किल्ली मग माझ्याकडे द्या, साड्यांना जागा होईल. दिली नाही.
एक राहिलंच. भाच्याच्या किंडलवर वाचलेलं ते पुस्तक काल कपाटातून काढून बघितलं, शेवटच्या पानावर वडलांनी पेन्सिलनं वाचून झाल्याची तारीख घातलीय, १४/५/७१. ते प्रत्येक पुस्तकात घालायचे, मी पण घालतो. आता मशीनवर तारीख कुठं घालायची?

चोपड्याची_ताई:
शेवटच्या शब्दावर बोट दाबून धरा, नोटचा पर्याय येतो, त्यात लिहा.

धुळ्याचा_कागदप्रेमी:
अहो नोट काय करता, पुस्तक घरातच आहे ना? पेन्सिल घ्या आणि वडलांच्या तारखेखाली तुमची घाला. हलक्या हातानं, कागद जुना आहे.