पद्मिनीच्या सिलला गंज: पुट्टी भरायची की पत्रा कापायचा?

खानापूर_रोड:
गाडी १९८४ ची प्रीमिअर पद्मिनी. उजव्या सिलवर (दाराखालची पोकळ पेटी) मागच्या चाकाजवळ रंगाला फोड आले होते, खरवडल्यावर रुपयाएवढी दोन भोकं निघाली. ड्रायव्हरच्या पायाखालचं रबर मॅट उचललं तर वीतभर फ्लोअर पापुद्र्यांनी सुटतोय. डाव्या दाराच्या खालच्या कडेला नुसते तपकिरी डाग, भोक नाही. एका गॅरेजवाल्यानं फायबर आणि पुट्टी सांगितली, दुसऱ्यानं आर्क वेल्डिंगनं पॅच. काय योग्य? जूनच्या आत आटोपायचं आहे.

टिळकवाडी_पत्राकाम:
सिलला फायबर-पुट्टी हा विषयच सोडा ओ. पद्मिनीला वेगळी चासी नसते, बॉडी हीच चासी. दाराखालची ती पोकळ पेटी गाडीचा भार पेलते. पुट्टी भार घेत नाही, वर आतला गंज झाकून ठेवते.

बाहेर रुपयाएवढं भोक दिसलं म्हणजे आत त्याच्या कितीतरी पट पत्रा गेलेला असतो, कारण सिल आतून गंजते. चाकानं उडवलेला तांबडा चिखल जोडात जाऊन बसतो आणि खानापूर-जांबोटीकडच्या पावसात तो चार महिने वाळतच नाही. म्हणून आधी हद्द ठरवा. लहान हातोडीनं सिलभर टकटक करत जा. चांगला पत्रा टणटणतो, गेलेला बद्द वाजतो. बद्द वाजेल तिथं स्क्रूड्रायव्हर दाबून बघा आणि खडूनं खूण करा. कापायचं ते खुणेच्या बाहेर २०-२५ मिमी, चकचकीत पत्रा लागेपर्यंत.

फ्लोअरचं पाणी कुठून येतं ते आधी शोधा, नाहीतर नवा पत्राही तसाच जाईल. एकानं आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्यानं बाहेरून पाइपनं हळू पाणी सोडायचं. सुरुवात खालून: दाराचं रबर, मग पुढच्या काचेखालची जागा, शेवटी काचेचं रबर. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं. वरून सुरुवात केली तर सगळीकडून ओघळ येतात आणि काहीच कळत नाही.

उद्यमबाग_मिग:
वरच्यांशी सहमत. आर्कचं म्हणाल तर २० गेजचा पत्रा (सुमारे ०.९ मिमी) अडीच मिमीच्या रॉडला टिकत नाही, भोक मोठं होत जातं. मिग वापरा, म्हणजे तार आपोआप पुढे येते आणि गॅस सांध्याला झाकतो ते वेल्डिंग: ०.८ मिमी तार, आर्गॉन ८० आणि कार्बन डायऑक्साइड २० असा गॅस. गॅस वेल्डिंगनंही होतं आणि सांधा मऊ राहिल्यानं ठोकून बसवता येतो, पण उष्णता पसरून पत्रा लाटा मारतो.

पत्रा सीआरसीए (थंड लाटलेला साधा पोलादी) घ्या. फ्लोअरला २० गेज, सिलला १८ गेज (१.२ मिमी). जुन्या चांगल्या भागाची जाडी कॅलिपरनं मोजून खात्री करा. जीआय (जस्त चढवलेला) पत्रा नको. जस्ताचा धूर छातीला वाईट आणि सांध्यात छिद्रं पडतात.

सिल कापण्याआधी गाडी सपाट जागी चारही बाजूंनी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नाही. दाराच्या चौकटीत आडवा अँगल टाचून घ्या आणि दाराच्या फटी मोजून लिहून ठेवा. एका वेळी एकच बाजू. हे टाळलं तर मध्ये बॉडी खचते आणि नंतर दार लागत नाही.

पॅच कडेला कड भिडवून, एक मिमी फट ठेवून बसवा. आधी २५-३० मिमी अंतरावर टाके (वेल्डिंगचे सुटे ठिपके), मग एक इथं, पुढचा लांब तिथं. हात लावता येईल इतकं थंड झाल्यावरच पुढचा टाका. पाणी ओतून थंड करू नका. एकावर एक पत्रा चढवणं अटळ असेल तिथं मधल्या दोन्ही तोंडांना वेल्डिंगचा झिंक प्रायमर मारा. त्या चिमटीतच पाणी ओढलं जातं.

बॅटरी काढा, सीट आणि मॅट बाहेर. पेट्रोलच्या टाकीजवळ काम असेल तर टाकीही उतरवा. आग विझवायचा सिलिंडर हाताशी हवा आणि काम संपल्यावर अर्धा तास गाडी सोडून जायचं नाही.

खानापूर_रोड:
समजलं. दाराच्या डागांना गंज मारायचं लिक्विड लावून थेट रंग चालेल का?

निपाणी_स्प्रेगन:
चालणार नाही. आधी दाराच्या खालच्या कडेची पाणी जाण्याची भोकं तारेनं मोकळी करा, डाग बहुधा त्यामुळेच आहेत. मग ८० नंबर पेपरनं सुटा गंज पूर्ण काढा. खड्ड्यांत काळे ठिपके उरतात, तेवढ्यापुरतंच फॉस्फरिक ॲसिडचं लिक्विड. ते पृष्ठभागावर वाळू देऊ नका, डब्यावरच्या वेळेनंतर धुऊन पूर्ण कोरडं करा. त्यावर एच (etch) प्रायमर, म्हणजे ॲसिडवाला प्रायमर, मारू नका, ॲसिडवर ॲसिड धरत नाही. टू-पॅक (हार्डनर मिसळून मारायच्या) इपॉक्सी प्रायमरचे दोन हात द्या, पण ॲसिडचा अंश राहिला तर इपॉक्सीही सुटतो, म्हणून धुण्यात कसूर नको.

पुट्टी इपॉक्सीवर, उघड्या पत्र्यावर नाही. १०० ग्रॅमला २ ग्रॅम हार्डनर, थर दोन मिमीच्या आत. आणि पुट्टी कोरडीच घासा. आपल्याकडे सर्रास पाणीपेपर मारतात; पॉलिस्टर पुट्टी पाणी शोषते, ते रंगाखाली अडकतं आणि काही महिन्यांत फोड येतात. मग दोष रंगाला! वरून प्रायमर सरफेसर चढला की मग ओला पेपर मारा, ६०० चा.

पत्रा उघडा झाला की त्याच दिवशी इपॉक्सी. वळिवाचे ढग असतील तर कापायलाच घेऊ नका, रात्रीत तांबूस पडतो.

टिळकवाडी_पत्राकाम:
एक राहिलं. रंग झाल्यावर सिलच्या आत कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण) मारायचं, लांब नळीनं, खालच्या भोकांतून ठिबकेपर्यंत. आधी मारलं तर वेल्डिंगला पेटतं. सुकल्यावर भोकं पुन्हा मोकळी करा. डांबरी अंडरकोट गंजलेल्या पत्र्यावर नको, त्याच्या आड ओल धरते. जुनं इंजिन ऑईलही नको, रबरं फुगतात. जोडांना पॉलियुरेथेन सीलर लावा. खिडकीचं आंबट वासाचं सिलिकॉन लावलं तर त्याखाली पत्रा गंजतो.

फ्लोअरवर रबर मॅट परत टाकताना दर पावसाळ्यात महिन्यातून एकदा उचलून बघायचं.