वाऱ्यामुळे स्टॅन्ली हुकलं म्हणून रिफंड? फॉकलंड, क्रूझ आणि आपलं फिरणं

दक्षिणवारा (धागाकर्ता)

दोन दिवस एक पोस्ट सगळ्या ग्रुपांवर फिरतेय, तुमच्यापर्यंतही आली असेल. लिहिणाऱ्याचं म्हणणं थोडक्यात असं की ब्युनोस आयरेसहून केप हॉर्नला वळसा घालून चिलीला जाणारी मोठी क्रूझ घेतली, मधे दक्षिण अटलांटिकमधल्या, ब्रिटनच्या ताब्यातल्या फॉकलंड बेटांवर, तिथल्या स्टॅन्ली या मुख्य गावात उतरायचं होतं, कॅप्टनने वाऱ्यामुळे पोर्ट रद्द केलं, तर कंपनीने त्या दिवसाचे पैसे परत द्यायला हवेत. इथवर ठीक. पण शेवटी लिहिलंय, "तसंही तिथे मेंढ्या आणि वारा सोडून काही नाही, फार काही मिस झालं नाही." हे वाचून डोकं फिरलं म्हणून एवढं लिहितोय.

अहो, ५१-५२ अंश दक्षिणेला बेटं आहेत ती. पश्चिमेचा वारा अख्खा दक्षिण महासागर ओलांडून येतो, त्याला वाटेत अडवणारं दक्षिण अमेरिकेचं निमुळतं टोक तेवढं. तो वाहणारच. आणि त्या वाऱ्यामुळेच तिथे अल्बट्रॉस आहेत, काळ्या भुवयांच्या अल्बट्रॉसची जगातली सत्तर टक्के वस्ती फॉकलंडमध्ये आहे. हा पक्षी पंख न हलवता तासन्‌तास वाऱ्यावर तरंगतो, वारा पडला की पाण्यावर बसून राहतो. वारा नको पण अल्बट्रॉस हवा, असं कसं चालेल?

माझं सरळ म्हणणं आहे, ही बेटं सहा तासांत उरकायची नाहीतच. बघायची असतील तर विमानाने जा. चिलीच्या पुंता अरेनासहून शनिवारचं विमान आहे, आठवड्यातून एकच, त्यामुळे आपसूक आठवडा राहावं लागतं आणि तेच बरं. मी तसाच गेलो. पहिले दोन दिवस वाऱ्याने घराबाहेर पडता आलं नाही. मग यॉर्क बेच्या पांढऱ्या वाळूवर चाललो, १९८२ च्या ब्रिटन-अर्जेंटिना युद्धापासून जिथे सुरुंग पेरलेले होते आणि जी २०२० मध्ये कुठे मोकळी झाली. ते काम मुख्यतः झिम्बाब्वेच्या माणसांनी वर्षानुवर्षं गुडघ्यावर बसून केलंय. पेंग्विन मात्र सगळा काळ तिथेच, त्यांच्या वजनाने सुरुंग उडत नाहीत. हे सगळं घरमालकीणबाईंनी चहा पिता पिता सांगितलं. क्रूझवाल्याला हे कधी कळणार?

स्वाती_ठाणे

कळतं हो, क्रूझवाल्यांनाही कळतं. मी सासूबाईंना घेऊन गेले होते. चौऱ्याहत्तर वय, दोन्ही गुडघे बदललेले. त्यांना पुंता अरेनासला विमानं बदलत नेऊ? इंडियन पासपोर्टवर व्हिसाच्या फेऱ्या मारायच्या, आणि शनिवारचं विमान वाऱ्याने रद्द झालं तर अजून राहण्याचा खर्च कोण देणार, तुम्ही? मोठ्या जहाजात डॉक्टर असतो, लिफ्ट असते, रोज खोली बदलावी लागत नाही. आम्हाला स्टॅन्ली मिळालं. व्हेलच्या जबड्याच्या हाडांची कमान, शेजारचं कथीड्रल, आणि पुढे जीपने व्हॉलंटिअर पॉइंट. शेवटचा पल्ला रस्ता असा नाहीच, नुसती दलदल, ड्रायव्हर चाकाखालची जमीन बघत बघत नेत होता. सासूबाई किंग पेंग्विनसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांचं ते तपकिरी केसाळ पिल्लू, आईपेक्षा जाड दिसणारं, चालत चालत त्यांच्या काठीपाशी आलं. आपण सहा मीटर लांब राहायचं हा नियम, पण पिल्लाला कोण सांगणार. त्या आजही रोज कुणाला तरी हे सांगतात. सहा तास होते म्हणून ते खोटं ठरतं का?

रिफंडवाल्याचं मला पटलेलं नाही. पण "क्रूझवाल्याला काय कळणार" हे त्याहून वाईट वाटलं.

टेंडरवाला_रत्नागिरी

मी जहाजावर डेकला आहे, कंपनीचं नाव घेणार नाही. पोर्ट रद्द का होतं ते ऐका, कारण दर वेळी शिव्या आम्ही खातो.

मोठं जहाज स्टॅन्लीच्या आतल्या बंदरात जात नाही, तोंड अरुंद आहे, ते बाहेर पोर्ट विल्यमला नांगरतं. तिथून लोकांना टेंडरने, म्हणजे जहाजाच्या छोट्या बोटीने, जेटीवर न्यायचं, अर्धा तास धरा. जहाजाच्या कुशीत दार उघडतं, खाली प्लॅटफॉर्म, बाजूला टेंडर. टेंडर लाटेवर वर येतं, खाली जातं, कधी कधी दीड मीटर. आम्ही दोघं दोन बाजूंना, माणसाचा हात मनगटाच्या वर धरायचा, टेंडर वर आलं की "आता" म्हणायचं आणि त्याने पाऊल टाकायचं. पण लोक आमचा हात सोडून मोबाईल धरतात. एकदा एका बाईंचा पाय प्लॅटफॉर्म आणि टेंडरच्या मधे गेला, माझ्या जोडीदाराने जॅकेटला धरून उचललं म्हणून पाय राहिला. आणि नेणं सोपं आहे, खरी भीती परत आणण्याची असते. सकाळी पाणी तव्यासारखं, दुपारी वारा चढतो आणि हजारभर माणसं किनाऱ्यावर, त्यातली निम्मी सत्तरीची. कॅप्टन सकाळीच नाही म्हणतो तेव्हा तो संध्याकाळचा विचार करत असतो.

तेव्हा रिफंडवाल्याने आमच्या प्लॅटफॉर्मवर एक दिवस उभं राहावं.

देवबागकर

मी तारकर्लीजवळ होमस्टे चालवतो, फॉकलंड बघितलेलं नाही, पण दिवसाचे पर्यटक रोज बघतो. सकाळी ट्रॅव्हल्स येते, घरून आणलेले डबे किनाऱ्यावर खातात, प्लास्टिक टाकतात, किल्ला करून संध्याकाळी परत. मुक्कामी माणूस जेवतो, रापण ओढताना बघायला येतो, पुढच्या वर्षी फोन करतो. म्हणून दक्षिणवारांचं मला पटतं. ज्या गावात तीन हजार माणूस एका दिवसात उतरतो त्या गावाला त्या दिवशी स्वतःचं काही राहत नाही.

स्वाती_ठाणे

देवबागकर, त्या डबेवाल्यांना किल्ल्यावर नेणारा बोटवाला तुमच्याच गावचा ना? त्याला विचारा डबेवाले बंद करू का. व्हॉलंटिअर पॉइंटला नेणारे ड्रायव्हर तिथलेच होते. आमचा एरवी मेंढ्यांची लोकर कातरायच्या टोळीत काम करायचा, क्रूझच्या हंगामात गाडी चालवतो.

दक्षिणवारा

बेटांचं पोट पर्यटनावर नाही. १९८६ मध्ये मासेमारीचा पट्टा जाहीर झाला आणि पुढच्या वर्षीपासून स्क्विड (माकूळ) पकडायच्या परवान्यांचे पैसे यायला लागले, त्यावर शाळा, दवाखाना, रस्ते सगळं चालतं. क्रूझ आली नाही म्हणून कुणी उपाशी राहत नाही.

स्वाती_ठाणे

स्क्विडचा पैसा सरकारला जातो. गाडीचा पैसा त्या ड्रायव्हरच्या खिशात पडतो. दोन्ही एक नाही.

डॉकयार्डचा_मुलगा

फॉकलंडचं एवढं चाललंय आणि विराटचं कुणी नावही घेत नाही? १९८२ च्या त्या युद्धात ब्रिटिश ताफ्याचं फ्लॅगशिप, म्हणजे प्रमुख जहाज, होतं हर्मिस ही विमानवाहू नौका, तिच्यावरून सी हॅरियर विमानं उडाली, आणि तीच आपण घेतली, १९८७ ला आयएनएस विराट म्हणून नौदलात आली. माझे बाबा मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात फिटर होते. विराट दुरुस्तीला आली की आठ-आठ दिवस ओव्हरटाइम, घरी यायचे तेव्हा अंगाला तेलाचा वास. ते म्हणायचे बॉयलर रूममधे उभं राहिलं की कळतं हे जहाज कुठून कुठून फिरून आलंय. २०१७ ला निवृत्त केली. २०१८ ला आपल्या राज्य मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गात निवतीजवळ संग्रहालय करायचं म्हणून ८५२ कोटींचा प्रकल्प मंजूर केला. आणि झालं काय? सप्टेंबर २०२० ला मुंबईहून ओढत अलंगला नेली आणि तोडली. बाबा ती जाताना बघायला कुलाब्याला गेले होते. आपल्या दारातला फॉकलंडचा इतिहास आपण भंगारात विकला आणि इथे लोक लाखो रुपये देऊन तिकडे जातायत.

हिशेबी

भावना समजली, पण ८५२ कोटी आणणार कुठून? जुन्या विक्रांत या विमानवाहू नौकेचं काय झालं ते आठवा. २००१ पासून मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, २०१२ ला धोकादायक म्हणून बंद, २०१४ ला भंगारात. पोलादी जहाज खाऱ्या पाण्यात ठेवायचं म्हणजे दरवर्षी पैसा ओतायचा. तेवढ्यात सिंधुदुर्गातल्या प्रत्येक तालुक्याला चांगला दवाखाना होईल.

डॉकयार्डचा_मुलगा

आणि झाला का दवाखाना? ते पैसे दवाखान्याला गेले असते तर मी तोंड उघडलं नसतं. दर वेळी "त्यापेक्षा दवाखाना" म्हणायचं आणि दोन्ही करायचं नाही. ज्यांनी त्या जहाजावर हात काळे केले त्यांना तुमचा हिशेब सांगू नका.

हिशेबी

हात काळे केले म्हणून प्रत्येक जहाज ठेवायचं का? माझे आजोबा गिरणीत होते, गिरणीही ठेवली नाही कुणी. तुमच्या बाबांबद्दल आदर आहे, पण आवाज खाली ठेवा.

देवबागकर

यात आमच्या गावाचं नाव घेताय म्हणून सांगतो. विराट येणार म्हणून निवतीत जमिनीचे भाव वाढले होते, एकाने कर्ज काढून खोल्या बांधल्या. जहाज आलंच नाही, हप्ते चालू आहेत. आता गुलदार ही निवृत्त लँडिंग शिप त्याच बाजूला समुद्रात बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करणार म्हणतात. होईल तेव्हा खरं. हिशेबी, तुमचा आकडा बरोबर असेल, पण मंजूर करताना तो सरकारला माहीत नव्हता का? आधी घोषणा करायची आणि लोकांना कर्जात टाकायचं, राग त्याचा आहे.

हिशेबी

हे मान्य. घोषणा करायला नको होती. बाकी माझं मत तेच.

बर्फवेडी_पुणे

विराटवर वेगळा धागा काढा ना कुणीतरी. मी छोट्या एक्सपिडिशन जहाजाने फॉकलंड आणि पुढे साउथ जॉर्जिया हे बेट केलंय. दक्षिणवारा, विमानाने साउथ जॉर्जियाला जाताच येत नाही, तिथे धावपट्टी नाही. म्हणजे तुमच्या नियमाने ध्रुवीय मोहिमांवाल्या शॅकलटनची कबर, ग्रिटव्हिकनचं १९०४ चं व्हेल कारखान्याचं गंजलेलं गाव, किंग पेंग्विनच्या अफाट वसाहती, हे कुणी बघूच नये?

आणि जहाजानेही जबाबदारीने जाता येतं. उतरायच्या आदल्या रात्री आम्ही लाउंजमधे ओळीने बसून बुटांच्या खाचा, जॅकेटच्या खिशाचे कोपरे, व्हेल्क्रो चिमट्याने साफ करत होतो. माझ्या व्हेल्क्रोत गवताचं एक कुसळ सापडलं, बहुतेक सिंहगडावरचं. ते तिथे रुजलं तर? त्या बेटावरचे उंदीर संपवायला वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरने विष टाकलं आणि २०१८ ला बेट उंदीरमुक्त जाहीर झालं. किनाऱ्यावर एका वेळी शंभरच माणसं. २०२३ ला बर्ड फ्लू आला तेव्हा कितीतरी जागा बंद ठेवल्या, लोकांनी मुकाट ऐकलं.

स्वाती_ठाणे

तुमच्या छोट्या जहाजाचं भाडं सांगा ना एकदा. आमच्या पूर्ण ट्रिपच्या तिप्पट-चौपट असेल. जबाबदारी फक्त श्रीमंतांनाच परवडते असं झालं मग.

बर्फवेडी_पुणे

भाडं जास्त आहे, खरंय. मी बऱ्याच वर्षांची बचत मोडली. पण तीन हजारांचं जहाज तिथे माणसं उतरवूच शकत नाही, आणि उतरवू नये.

दक्षिणवारा

साउथ जॉर्जियाचा मुद्दा घेतला, तिथे जहाजाशिवाय मार्ग नाही. स्वातीताई, सासूबाईंसाठी क्रूझच बरोबर होती, तेही मानतो. पण स्टॅन्लीचं मी सोडणार नाही. सगळ्या बेटांची वस्ती, लष्करी तळ सोडून, साडेतीन हजारांच्या आसपास. कोविडच्या आधी हंगामात साठ हजारांच्या वर क्रूझवाले येत होते. ज्याला विमानाने जाणं आणि राहणं झेपतं त्याने राहावं. आणि ज्याला झेपत नाही त्याने निदान वाऱ्याबद्दल तक्रार करू नये.

स्वाती_ठाणे

तक्रार मी केलीच नव्हती. पण शेवटच्या वाक्याला हो. टेंडरवाला दादा, धाकट्या नणंदेला पुढच्या हंगामात जायचंय, कुठला महिना धरावा की स्टॅन्ली नक्की मिळेल?

टेंडरवाला_रत्नागिरी

ताई, नक्की असा महिना नाही. जानेवारी-फेब्रुवारीत दिवस मोठा आणि थोडी ऊब, पण वारा तेव्हाही असतोच. व्हॉलंटिअर पॉइंटची गाडी आधी ठरवताना एवढं विचारा की पोर्ट रद्द झालं तर पैसे परत देणार का, आणि ते लिहून घ्या. आणि प्लॅटफॉर्मवर मोबाईल खिशात ठेवायला सांगा.

डॉकयार्डचा_मुलगा

विराटचा वेगळा धागा काढतोय. देवबागकर, त्या खोल्यांवाल्या माणसाला तिथे लिहायला सांगाल का? आणि हिशेबी, तुम्हीही या, विक्रांतचे आकडे घेऊन या.