न मानणाऱ्यांचे व्यवहार : अनुभव धागा

आपल्याकडे जन्मापासून मरणापर्यंत धर्म गृहीत धरलेला असतो. मानणाऱ्याला त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. न मानणाऱ्याला मात्र दर वेळी अर्ज, साक्षीदार नाहीतर खुलासा लागतो. ज्यांना या कामांची खडान्‌खडा माहिती आहे त्यांनी लिहावं. आत्मकथन नको, कुठे काय अडतं तेवढं हवं.

लग्न (विवाह नोंदणीची कामं पाहणारी वकील)

विधी नको असतील तर विशेष विवाह कायदा, १९५४. नोटीस देण्याआधी दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवं. नोटीस लागली की हरकतींसाठी आणखी ३० दिवस. नोटीस दिल्यापासून ३ महिन्यांत लग्न उरकलं नाही तर ती बाद होते आणि सगळं पहिल्यापासून. लग्नाच्या दिवशी ३ साक्षीदार लागतात. सप्तपदी करणाऱ्यांना अशी नोटीस नाही की हरकतींची वाट पाहणं नाही. घरून विरोध असेल तर हेच ३० दिवस जोडप्याच्या जिवावर बेततात, आणि हा उघड अन्याय आहे.

‘मी नास्तिक, मला हिंदू कायदा लागू नाही’ ही समजूत सोडा. दोघंही हिंदू घरातले असतील तर या कायद्याने लग्न करूनही वारसा हिंदू कायद्यानेच ठरतो (कलम २१-अ). मुस्लिम घरातल्यांना मात्र भारतीय वारसा कायदा लागू होतो, त्यामुळे मृत्युपत्राने एक तृतीयांशच मालमत्ता देता येते ही मुस्लिम कायद्यातली मर्यादा राहत नाही.

धर्माचा रकाना (शाळेच्या कार्यालयातून)

धर्म जाहीर करायची सक्ती सरकारला करता येत नाही, ‘धर्म नाही’ असं सांगायचा हक्क आहे, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी डॉ. रणजित मोहिते प्रकरणात दिला. रकाना कोरा सोडू नका, आडनाव बघून कोणीतरी तो भरून टाकतं. स्पष्ट ‘नाही’ लिहा. ऑनलाइन अर्ज धर्म निवडल्याशिवाय पुढे सरकत नसेल तर ‘इतर’ निवडा, निकालाची तारीख घालून पत्र द्या आणि पोच घ्या.

अनुसूचित जातीच्या पालकांनी मात्र घाई करू नये. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार (पुढे त्यात दुरुस्त्या झाल्या) हिंदू, शीख किंवा बौद्ध यांखेरीज दुसरा धर्म मानणाऱ्याला अनुसूचित जातीचा दर्जा नाही. ‘धर्म नाही’ ही नोंद जात पडताळणीत वादाचं कारण होऊ शकते, कारण समिती वडील-आजोबांच्या शाळेच्या नोंदींशी ताळा घालते. सवर्ण घरातल्या माणसाला हा रकाना नाकारणं परवडतं. इथे मुलीची शिष्यवृत्ती अडकू शकते, म्हणून जातीचा दाखला आणि पडताळणीचं वैधता प्रमाणपत्र हातात येईपर्यंत थांबलेलं बरं. अनुसूचित जमातींना धर्माची अट नाही.

शाळेतली पूजा

संविधानाचं कलम २८(३) पाठ असू द्या. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला हजर राहण्यासाठी अज्ञान मुलाच्या पालकाची संमती लागते. म्हणजे ‘तुम्ही हरकत घेतली नव्हती’ हे उत्तर चालत नाही. संमती नसल्याचं पत्र जूनमध्येच द्या. ऐन पाटीपूजनाच्या दिवशी मूल एकटं बाहेर बसवलं जातं आणि ते त्याला फार लागतं. त्या तासाला ते कुठे बसेल, हेही पत्रात लिहून घ्या.

मृत्यू (देहदानाचं काम करणारा कार्यकर्ता)

देहदानाचा अर्ज वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात मिळतो. पण नुसता अर्ज पुरत नाही. मृत्यूनंतर निर्णय नातेवाइकांच्या हातात जातो आणि एकाने जरी अडवलं तरी महाविद्यालय सहसा हात आखडतं. म्हणून जोडीदाराइतकंच थोरल्या भावाला, चुलतभावाला आधी सांगून ठेवा.

डोळे ६ तासांच्या आत काढावे लागतात. नेत्रपेढीचे लोक येईपर्यंत पंखा बंद करायचा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा आणि डोक्याखाली उशी द्यायची. मृत्यू घरी झाला असेल तर डॉक्टरकडून कारणाचा दाखला नमुना ४-अ मध्ये घ्या, तो नसेल तर देह स्वीकारत नाहीत. शवविच्छेदन झालं असेल किंवा एचआयव्ही, हिपॅटायटिस बी असेल तर सहसा नकारच येतो, तेव्हा विद्युतदाहिनीची तयारी मनात असू द्या. पेसमेकर असेल तर आधी काढून घ्यायला हवा, दाहिनीत त्याचा स्फोट होतो.

स्मशानात कोणी बोललं नाही की मडकं आणि प्रदक्षिणा आपोआप सुरू होतात. घरचे त्या वेळी बोलायच्या स्थितीत नसतात. म्हणून एका मित्राला पुढे पाठवा आणि कर्मचाऱ्यांना नीट सांगू द्या : ‘विधी नाहीत, दोन मिनिटं स्तब्धता, मग थेट दाहिनीत.’ निधनाच्या निरोपातच ‘दहावं-तेरावं होणार नाही’ असं लिहा आणि त्याच ओळीत शोकसभेची तारीख, जागा द्या. दहावं-तेरावं नुसतं टाळलं की नातेवाइकांना काही सुचत नाही, आणि रडायला, आठवणी काढायला माणसं जमणं गरजेचंच असतं.

साक्ष

शपथ कायदा, १९६९ नुसार देवाच्या नावाऐवजी प्रतिज्ञेवर साक्ष देता येते. पिंजऱ्यात उभं राहण्याआधीच वकिलामार्फत सांगून ठेवा.

वर्गणी

सोसायटीच्या बिलात सत्यनारायण बहुधा ‘इतर आकार’ या नावाखाली येतो. त्या रकमेचा तपशील लेखी मागा. देखभालीचे पैसे तारखेच्या आत भरा आणि वर्गणी वगळल्याचं सोबतच्या पत्रात नमूद करा, नाहीतर तुमचं नाव थकबाकीदारांच्या यादीत लागतं. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर सचिवांची सही-शिक्का घ्या.