मदत हवी आहे : स्पिनेट पियानोची ॲक्शन काढून पुन्हा बसवण्याबाबत

नमस्कार. न्यू जर्सीतील आमच्या घरी १९५० च्या सुमाराचा अमेरिकन स्पिनेट पियानो आहे. या बुटक्या पियानोत ॲक्शन (पट्टी दाबल्यावर हातोडी तारेवर मारणारी यंत्रणा) पट्ट्यांच्या पातळीखाली, मागच्या बाजूला असते आणि प्रत्येक पट्टी एका बारीक सळईने तिच्याशी जोडलेली असते. त्या सळयांच्या टोकांचे प्लॅस्टिकचे कोपरे (एल्बो, म्हणजे जोडणारे छोटे सांधे) इतके ठिसूळ झाले आहेत की, बोट लागताच भुगा होतो. नवे कोपरे घालण्यासाठी संपूर्ण ॲक्शन बाहेर काढण्याचा विचार आहे. पट्ट्यांपासून सोडवलेल्या ८८ सळया लोंबकळून एकमेकींत अडकू नयेत म्हणून त्या कशा बांधून ठेवाव्यात? परत बसवताना डॅम्पर (तारेचा आवाज थांबवणारे छोटे ठोकळे) तारांवर न घासता ॲक्शन खाली कशी उतरवावी, आणि पेडलचे दांडे आधी जोडावेत की सळया? हे काम स्वतः केलेल्यांनी क्रम सविस्तर सांगितल्यास आभारी राहीन. कारागिराची मजुरी या पियानोच्या किमतीहून जास्त आहे.