ब्रेथ की ब्रीद? (बी विंग ग्रुप, रविवार सकाळ)

देशपांडे काका, 302: कुणी जागं आहे का? उद्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलायचंय. त्यांच्या अ‍ॅपवर त्रास इंग्रजीत लिहावा लागतो. मी लिहिलं, 'आय अ‍ॅम फीलिंग सफोकेशन, नॉट एबल टू ब्रेथ सिन्स थ्री डेज.' चालेल?

मंदार, 104: काका, ब्रीद. शेवटी ई लावा. ब्रेथ म्हणजे श्वास, ब्रीद म्हणजे श्वास घेणं. आणि सिन्स नाही, फॉर थ्री डेज.

साने काकू, 401: शुभ सकाळ. प्राणायामाचा व्हिडिओ टाकलाय, सगळ्यांनी बघा.

नदीम, 203: दम लागतो म्हणून 'अस्थमा' लिहू नका हं. माझ्या मेव्हण्याने विम्याच्या फॉर्मवर तसं लिहिलं. दमा कधी नव्हताच, पण जुना आजार म्हणून नोंद झाली. क्लेमच्या वेळी नाकी नऊ आले.

स्मिता सिस्टर, 201: सफोकेशन खोडा काका. धूर कोंडला, तोंडावर उशी आली, की सफोकेशन. आणि 'नॉट एबल टू ब्रीद' म्हटलं तर टाइप कोण करतंय? आधी मराठीत सांगा. धाप लागते, की छातीत घरघर?

देशपांडे काका: घरघर नाही, धाप. दूध घेऊन वर येताना पहिल्या मजल्यावरच टेकावं लागतं.

स्मिता: मग 'शॉर्टनेस ऑफ ब्रेथ ऑन क्लाइंबिंग वन फ्लोअर'. घरघर असती तर 'व्हीझिंग'. आडवं पडल्यावर?

देशपांडे काका: तेच तर! आधी दोन उशा, मग तीन. काल रात्रभर खुर्चीतच. हे कसं लिहू?

मंदार: 'कॅनॉट लाय फ्लॅट'. लाय हं, ले नाही.

स्मिता: मंदार, थांब जरा. काका, पाय सुजलेत?

देशपांडे काका: मोज्यांचे वळ उठतात. ही म्हणते मीठ जास्त होतंय.

स्मिता: अ‍ॅप ठेवा बाजूला. आडवं पडलं की धाप आणि वर पायाला सूज, हे हृदयाचंही असू शकतं. उद्यापर्यंत थांबायचं नाही. बसूनही धाप लागतेय का? तर 108 लावते.

देशपांडे काका: बसून बरं आहे.

स्मिता: ऑक्सिमीटर घेऊन वर येते.

नदीम: गाडी काढतो. लिफ्ट बंदच आहे, खुर्चीत बसवून उतरवू. चौघं लागतील.

मंदार: आलो.

देशपांडे काकू: स्मिता, हे अजून विचारतायत, चिठ्ठीवर काय लिहू?

स्मिता: 'शॉर्टनेस ऑफ ब्रेथ फॉर थ्री डेज, वर्स ऑन लाइंग डाउन, स्लेप्ट इन अ चेअर लास्ट नाइट, बोथ फीट स्वोलन.' आणि चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका.